अव्वाचं व्हय

डॉक्टरांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, त्यामुळं दिवाळीनंतर पहिल्यांदाच शिवशरण आणि गुरुलिंग हे दोघे भाऊ एका बाकावर बसले. बसले म्हणजे हौसेनं नव्हे. सोलापूरच्या साखर पेठेतल्या त्या दवाखान्यात बाकच एक होता. थोरला या टोकाला, धाकटा त्या टोकाला, आणि मधे त्यांच्या आईचा, अव्वाचा, पाण्याचा तांब्या. थोरला भिंतीवरच्या लाल त्रिकोणाच्या पाटीकडं बघत होता, धाकटा पंख्याकडं. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं, गल्लीतले माग खडखडत होते आणि या दोघांच्या तोंडाला कुलूप होतं.

दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत असं नागम्माला वाटलं. ती थोरल्याची बायको, पण लग्न होऊन शुक्रवार पेठेत आली तेव्हा गुरुलिंग अर्ध्या चड्डीत होता. त्याचं नाक पुसून त्याला शाळेत धाडायचं काम तिचंच होतं. त्यामुळं नवऱ्याएवढाच दिरावरही रागवायचा हक्क आपल्याला आहे असं ती समजून चालायची. आज मात्र रागवायला सवड नव्हती. आत खाटेवर सासू, काशम्मा, अर्धे डोळे मिटून पडली होती, आणि सकाळी तिनं नागम्माला "निंगव्वा" म्हणून हाक मारली होती. निंगव्वा ही काशम्माची बहीण. ती लहानपणीच प्लेगात गेलेली.

उन्हाळा लागल्यापासून अव्वाचं काहीतरी बिनसलं होतं. आधी नुसता थकवा. मग चालताना तोल जायचा. मग अन्न बघितलं की मळमळ. उन्हाळा आहे, वय झालंय, असं म्हणत सगळ्यांनी दिवस ढकलले. काल ती नळापाशी पडली, आणि उचलून आणल्यावर "ह्यांचं जेवण झालं का गं?" असं विचारायला लागली. ‘हे’ म्हणजे चनमल्लप्पा. त्यांना जाऊन दोन वर्षं झालेली. नागम्मानं तडक बोलावणं धाडलं.

घरचे म्हातारे डॉक्टर आले. ते भले गृहस्थ, पण घाईचे. पेशंटची नाडी हातात आणि तोंड पेशंटच्या मुलाकडं, ही त्यांची पद्धत. मुलानं सांगितलेलं ऐकलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि निघताना शिवशरणला अंगणात नेऊन म्हणाले, "मेंदूत गाठबिठ असावी अशी शंका आहे. मुंबईला न्या."

झालं! शिवशरण तिकिटं काढायला निघाला. गुरुलिंग आडवा आला. "असल्या उन्हात अव्वाला गाडीत घालून न्यायचं? वाटंतच जाईल ती!" "मग काय हितंच मरू देऊ?" असं म्हणत दोघं सोप्यात एकमेकांच्या अंगावर धावून गेले. दिवाळीनंतर एवढं तरी बोलले, असंही नागम्माच्या मनात येऊन गेलं. शेवटी शेजारच्या तानाबाईनं सांगितलं, "साखर पेठंत ते नवं डॉक्टर हायत की, गड्डम. माझ्या भावाला उठवून बसवलंय त्यांनी. आधी त्यांना तर दाखवा." सकाळी टांग्यात घालून अव्वाला इथं आणलं.

डॉक्टर गड्डम म्हणजे पस्तिशीचा सडपातळ गडी. इथल्याच एका मागावाल्याचा मुलगा. मिरजेला शिकून परत आपल्या गल्लीत येऊन बसलेला. ‘हे पोर काय बघणार’ हे शिवशरणच्या तोंडावर लिहिलेलंच होतं.

"काय होतंय आजी?" डॉक्टरांनी स्टूल ओढत विचारलं.

"चक्कर येती," शिवशरण म्हणाला.

"चक्कर न्हाय ओ, तोल जातो," गुरुलिंग म्हणाला.

"उलटी बी झाली एकदा."

"एकदा कुटली? आमच्या हितं दोनदा झाली की!"

"आणि बोलणं बी..." असं नागम्मा म्हणते तोवर शिवबाईनं, धाकट्या जावेनं, पदराआडून "झोपच लई लागती" हे जोडून टाकलं.

डॉक्टरांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. "यातल्या आजी कोण आहेत?"

डॉक्टर अव्वाकडं वळले.

"आजी, डोकं दुखतंय?"

"व्हय," अव्वा पुटपुटली.

"पोट दुखतं?"

"व्हय."

"भूक लागते?"

"व्हय."

"जेवण जातं का नीट?"

"व्हय."

"गोळ्या वेळेवर घेता?"

"व्हय."

"एक बी गोळी चुकवत न्हाय ती," शिवशरणनं अभिमानानं सांगितलं.

मग डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आजी, मी तुमचा सगळ्यांत धाकटा मुलगा ना?"

अव्वानं कसेबसे डोळे उघडले, या परक्या माणसाकडं मायेनं बघितलं आणि म्हणाली, "व्हय."

"बगा!" गुरुलिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "डोस्कंच गेलंय तिचं."

"डोक्याचं बघू या," डॉक्टर म्हणाले. "घोटाळा आहेच थोडा. पण मला निराळंच वाटतंय. यांना मला नाही म्हणायचं नाही. आता मी जे काही विचारीन त्याला व्हयच येणार. तुमच्या आधीच्या डॉक्टरांनाही व्हयच म्हणत असतील."

नागम्मा चपापली. खरंच होतं ते. नवी नवरी असताना ताप आला तेव्हा अव्वानंच तिला शिकवलं होतं, "डॉक्टर काय बी इच्यारू दे, व्हय म्हणायचं. त्याच्या तोंडावर न्हाय म्हटलं की त्याच्या हाताचा गुण जातोय." घरातल्या सगळ्या बायांनी ते पाळलं होतं. नागम्मा स्वतः बाळंतपणाच्या कळा सोसताना "बरं वाटतंय का" याला व्हय म्हणाली होती आणि डॉक्टरीणबाई चहा प्यायला गेल्या होत्या!

मग डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं.

दार पुरतं लागत नव्हतं. नागम्मा फटीशी उभी राहिली. ऐकायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर अव्वाशी मोडक्यातोडक्या कानडीत बोलत होते. त्यांची घरची भाषा तेलुगू, त्यामुळं त्या कानडीला ठेचा लागत होत्या, पण अव्वाचा चेहरा सैल झाला. "ऊटा माडिद्री?" डॉक्टरांनी विचारलं, म्हणजे जेवलात का. अव्वा व्हय म्हणाली. "काय जेवलात?" हे पुढचं विचारल्यावर मात्र ती अडली. या प्रश्नाला नुसतं व्हय म्हणून भागण्यासारखं नव्हतं.

"भाकरी," ती म्हणाली.

"कशाबरोबर?"

बराच वेळ गेला. डॉक्टर काही बोलले नाहीत. घड्याळाकडं बघितलं नाही, नाडी धरली नाही, नुसते बसून राहिले. इतका वेळ स्वस्थ बसलेला डॉक्टर नागम्मानं जन्मात बघितला नव्हता.

"वरण," अव्वा शेवटी म्हणाली.

"चव कशी होती?"

अव्वानं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि तिचा हात गळ्यातल्या लिंगाच्या करडुव्याकडं गेला. इष्टलिंग ठेवायची ती चांदीची डबी तिनं मुठीत घट्ट धरली. डॉक्टर उठले, दार उघडलं, आणि फटीला लागलेली नागम्मा जवळजवळ त्यांच्या अंगावरच आली.

"बरं झालं, इथंच आहात," ते हसले. "आजींचा स्वयंपाक कोण करतं?"

"मी," नागम्मा म्हणाली.

"मी बी," मागून शिवबाई म्हणाली.

"म्हणजे?"

म्हणजे काय, ते या परक्या माणसाला सांगायची नागम्माला लाज वाटली. पण सांगितलं. दिवाळीत वाटण्या झाल्या. सोप्यात फळ्यांची भिंत घातली, चुली दोन झाल्या. भांडी वाटली, खाटा वाटल्या, आणि मग अव्वाची वाटणी कशी करायची हा प्रश्न आला. ती काय पितळेची घागर आहे? तर सकाळचं जेवण थोरल्याकडं आणि रात्रीचं धाकट्याकडं, असं ठरलं.

"दोघी आत या," डॉक्टर म्हणाले. "काल सकाळी यांना काय वाढलंत?"

"भाकरी आणि वरण," नागम्मा म्हणाली. मग कौतुकाच्या अपेक्षेनं पुढं म्हणाली, "अळणी. ब्लडप्रेशर हाय की त्यांना. डॉक्टरांनी लघवीची गोळी दिलीय आणि मीठ कमी करा म्हटलंय. आमी लई कडक पाळतोय. त्यांचं वरण आधी काढून ठेवते, मग आमच्यात मीठ घालते. भाकरीत बी मीठ नसतंय."

"अगदी बिनमिठाचं? आणि रात्री?"

नागम्मानं शिवबाईकडं बघितलं. शिवबाईचा चेहरा उतरला होता.

"रात्री ज्वारीच्या कण्या आणि ताक," ती हळूच म्हणाली. "त्यात बी मीठ न्हाय. अव्वा नकोच म्हणत्यात. मला वाटलं, सकाळी अक्काकडं खात्यात मिठाचं. मी इच्यारलं की! सकाळी खाताय न्हवं अक्काकडं? तर म्हणाल्या, व्हय."

"आणि मी इच्यारलं," नागम्मा म्हणाली, "रात्री धाकटीकडं खाताय न्हवं? तर म्हणाल्या, व्हय."

एवढं बोलून दोघी जावा एकमेकींकडं बघत राहिल्या. दिवाळीपासून "नळ आला का" आणि "नळ सोड" याच्या पलीकडं दोघींत बोलणं नव्हतं. अव्वा माझ्या हातचं अळणी गिळते आणि त्या बयेकडं जाऊन चवीनं जेवते, हा काटा नागम्माच्या मनात किती दिवस सलत होता! तोच काटा शिवबाईलाही सलत असणार हे तिला त्या क्षणी कळलं. एका शब्दानं एकमेकींना विचारलं असतं तर? पण विचारणार कशाला, फळ्यांची भिंत होती ना मधे.

"कधीपासून हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिवाळीपासून," दोघी एकदम म्हणाल्या.

डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला आणि बाहेर जाऊन दोघा भावांनाही आत बोलावलं. उभ्या उभ्याच समजावून सांगितलं, आणि असं सांगितलं की नागम्मालाही सगळं कळलं.

"मीठ कमी करा म्हणजे लोणचं, पापड सोडा, वरून घेऊ नका. बंद करा असं तुमचे डॉक्टर म्हणाले नव्हते. माणसाच्या रक्तात मीठ लागतंच. त्यात लघवीची गोळी अंगातलं मीठ बाहेर काढते. वर हा सोलापूरचा घाम. महिनोन् महिने आत काहीच गेलं नाही, बाहेर मात्र जातच राहिलं. मीठ फार उतरलं की तोल जातो, मळमळतं, माणसं ओळखू येत नाहीत. रक्त तपासायला पाठवतो, म्हणजे खात्री होईल. पण माझा अंदाज विचाराल तर गाठबिठ काही नाही. मुंबईची घाई करू नका."

"म्हंजे..." शिवशरणनं डॉक्टरांचा हात धरला. "म्हंजे अव्वा बरी हुईल?"

"वेळेवर आणलंत. आणखी दोन-चार दिवस घरी ठेवलं असतं तर झटके आले असते, मग माझ्याही हातात राहिलं नसतं. आता गोळी बंद, आणि मीठ हळूहळू भरून काढायचं. घाईनं दिलेलंही बाधतं."

गुरुलिंगनं अव्वाच्या पायांवर डोकं टेकलं. नागम्माच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि तिनं त्या पुसल्या नाहीत. मीठ! अरे देवा, उप्पिनांच्या घरात मीठ नाही म्हणून बाई मरायला टेकली! कानडीत उप्पु म्हणजे मीठ. यांचं आडनावच मिठाचं. चनमल्लप्पांच्या आज्यापासून मिठाचा व्यापार. बहात्तरच्या दुष्काळात ज्वारी मिळेना तेव्हासुद्धा दुकानापुढं मिठाची पोती उघडी पडलेली असायची. गाई येताजाता चाटून जायच्या. आणि घरधनीण आत अळणी खात बसलेली.

नर्सनं बाटली आणून दांडीला टांगली. गुरुलिंग डॉक्टरांच्या कानाशी लागला. "ग्लुकोज हाय म्हणून सांगा तिला. शक्तीचं पाणी."

"का? आहे ते सांगतो की."

"न्हाय, पण तिनं मीठ मुद्दामच सोडलेलं असलं तर..."

"तर तेही कळू दे," डॉक्टर म्हणाले आणि खाटेशी वाकले. "आजी, ही सलाईनची बाटली. यात मीठ आहे. हे घेतलं की बरं वाटेल. टोचू ना?"

सकाळपासून व्हय म्हणणाऱ्या अव्वाच्या तोंडातून शब्द फुटला नाही. तिनं हात पोटाशी ओढून घेतला. नर्सनं धरायला हात पुढं केला तशी ती अंगाचं मुटकुळं करून भिंतीला चिकटली.

"राहू दे," डॉक्टर नर्सला म्हणाले. मग चौघांकडं वळले. "थोडा वेळ आहे, फार नाही. शुद्ध हरपली तर तुमच्या सहीवर मी देईनच. पण आत्ता त्यांना कळतंय, तर जबरदस्तीनं नाही टोचणार. मीठ कुठं गेलं ते मी शोधलं. का गेलं, ते घरचं आहे. तुम्ही शोधा."

नागम्मा अव्वाच्या मुठीतल्या करडुव्याकडं बघत होती. तिला दिवाळी आठवली.

मिठाची वॅगन आली की पहिलं पोतं दुकानात कापायचं, आणि विक्रीच्या आधी घरातल्या थोरल्या पुरुषानं प्रत्येकाच्या जिभेवर चिमूटभर मीठ ठेवायचं, अशी उप्पिनांची रीत. हमालापासून तान्ह्या पोरापर्यंत सगळ्यांच्या, आणि शेवटी घरधनिणीच्या. चनमल्लप्पा गेल्यावर तो मान शिवशरणकडं आला. दिवाळीत वॅगन आली तेव्हा शिवशरण ज्वारीच्या खरेदीला माढ्याला गेलेला. गिऱ्हाइकं खोळंबली होती. गुरुलिंगनं वाट न बघता पोतं कापलं आणि हमालांना आपल्याच हातानं चिमूट दिली. शिवशरण परत आला आणि भर दुकानात गरजला, "बाप मेला, आता मी बी मेलो काय रे?" गुरुलिंगही काही कमी नव्हता. शब्दानं शब्द वाढला, वर्षानुवर्षांचं उणंदुणं निघालं, आणि पाडव्याला फळ्या ठोकल्या गेल्या. मीठ धाकट्याकडं, गूळ-ज्वारी थोरल्याकडं.

त्या पाडव्याला अव्वा लिंगपूजेला बसली ती उठेचना. तळहातावर लिंग, वर दुसरा हात झाकलेला, आणि ओठ हलत होते. ताट वाढून नागम्मा ताटकळली होती. शेवटी उठली आणि म्हणाली, "माझं वरण आधी काढून ठेव गं आजपासनं. डॉक्टर म्हणालाय." डॉक्टर म्हणाला होता दसऱ्याच्याही आधी, तेव्हापासून पाडव्यापर्यंत तर ती लोणच्याची फोड चाटतच होती!

"नवस हाय," नागम्मा नवऱ्याकडं वळून म्हणाली. "अव्वानं शपथ घातलीय स्वतःला. तुमच्या हातची चिमूट पडल्याबिगर मिठाला शिवायची न्हाय ती. आणि नवस बोलून दाखवला की फुकट जातोय, म्हणून कुणाला सांगत न्हाय."

अव्वाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. कुणी तिला विचारायची गरज राहिली नाही.

"मी मीठ आणतो," गुरुलिंग म्हणाला. "दुकानात परवाची वॅगन पडलीय. पहिलं पोतं कापलं न्हाय अजून." सायकल काढून तो उन्हात गेलासुद्धा.

तो घामाघूम होऊन परतला आणि कागदाची पुडी त्यानं थोरल्या भावापुढं धरली. "अण्णा. घे."

आणि इतकं सगळं झाल्यावर शिवशरण अडला! मान खाली घालून म्हणाला, "दुकान तुजं, मीठ तुजं. मी कोण देणार?"

नागम्माच्या मस्तकाची शीर तडकली. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या मागून आवाज आला.

"भावजी."

शिवबाईचा आवाज. शिवबाई लग्न होऊन आल्यापासून थोरल्या दिरापुढं कधी बोललेली नव्हती. तो सोप्यात आला की ही माजघरात जायची, निरोप द्यायचा तो नागम्मातर्फे. आज पदर डोक्यावर तसाच ठेवून ती सरळ त्याच्याकडं बघत होती.

"भावजी, ते चुकले. मी त्यांना घरात किती येळा बोललेय. पर तुमी बी चुकला. आता कोण जास्त चुकलं ते अव्वा बरी झाल्यावर मोजू. ती गेल्यावर मोजून कुणाला दावायचं?"

शिवशरणनं वर बघितलं. त्यानं पुडीत बोटं घातली आणि पहिली चिमूट धाकट्या भावाच्या जिभेवर ठेवली. गुरुलिंगनं ती घेतली आणि लहान पोरासारखा हुंदके देत थोरल्याच्या खांद्यावर कोसळला. मग नागम्माला, मग शिवबाईला चिमूट मिळाली. डॉक्टर दाराशी उभे होते. शिवशरण त्यांच्यापुढंही गेला आणि त्यांनी हसून तोंड उघडलं. शेवटी तो खाटेशी गुडघ्यांवर बसला.

"अव्वा, वॅगन आलीया. तोंड उगड."

अव्वानं डोळे उघडले. आधी थोरल्याकडं बघितलं, मग त्याच्या खांद्याशी वाकलेल्या धाकट्याकडं, आणि तोंड उघडलं. मीठ जिभेवर पडताच तिचे कोरडे ओठ हलले. मग मुठीतला करडुवा छातीवर सोडून तिनं तो हात आपण होऊन नर्सपुढं पसरला.

दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला. त्यानंतर अव्वा हळूहळू उमलत गेली. आधी तिला निंगव्वा नाही, नागम्मा दिसायला लागली. मग चनमल्लप्पा गेल्याचं आठवलं आणि ती थोडं रडली. मग एके सकाळी तिनं शिवबाईला "तुज्या कण्यांत गुठळ्या असत्यात" असं सुनावलं. शिवबाई पळत व्हरांड्यात येऊन म्हणाली, "अक्का, अव्वा बरी झाली!" आणि दोघी एकमेकींना धरून हसत सुटल्या.

दोन्ही घरचे डबे आता एकत्रच यायचे. दुकानं मात्र पुन्हा एक झाली नाहीत, आणि फळ्यांची भिंतही लगेच निघाली नाही. शिवशरण "बगू की" एवढंच म्हणायचा. पण फळ्यांतून हात जाईल अशी एक फळी शिवबाईनं स्वतः उचकटली आणि वाटी इकडून तिकडं जायला लागली.

घरी सोडायच्या दिवशी शिवशरण आणि गुरुलिंग दोघं मिळून एक आख्खं मिठाचं पोतं टांग्यातून घेऊन आले आणि त्यांनी ते दवाखान्याच्या पायरीशी ठेवलं.

"अहो, मी काय करू एवढ्या मिठाचं?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"वाटा की पेशंटला," गुरुलिंग म्हणाला. शिवशरणला हसू फुटलं, पण ते डोळ्यांतून बाहेर आलं. तो डॉक्टरांच्या पाया पडायला वाकला, आणि आपल्यापेक्षा थोरल्या माणसाला कसं आवरावं हे डॉक्टरांना कळेना. नागम्मा मागं उभी होती. तिलाही पाया पडावंसं वाटत होतं. या माणसानं अव्वा दिली, जाऊ परत दिली, नवरा आणि दीर एका टांग्यात बसवले, आणि केलं काय? स्टूल ओढून बसला, आणि म्हातारी बोलेपर्यंत गप्प राहिला. सिद्धरामेश्वरापुढं दिवा लावताना या मागावाल्याच्या पोराचं नाव घ्यायचं, असं तिनं तिथंच ठरवलं.

डॉक्टर आत गेले. अव्वा नवं इरकल नेसून, कपाळाला विभूती लावून, खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती.

"निघालात आजी? बरं वाटतंय ना आता?"

नागम्मानं मनातल्या मनात उत्तर म्हणूनही टाकलं. पण अव्वानं डॉक्टरांकडं नीट निरखून बघितलं. मग एकदा मुलांकडं, सुनांकडं बघितलं, आणि करडुव्यावर हात ठेवला.

"न्हाय," अव्वा म्हणाली.

शिवशरण दचकला. "अव्वा, असं म्हणू न्हाय..."

"तू गप," अव्वा म्हणाली. "मला इच्यारलंय त्यांनी. न्हाय डॉक्टर. गुडघं लई दुखत्यात माजं. धा वर्सं झाली, कुणाला सांगितलं न्हाय."

डॉक्टर गड्डम असे खूश झाले की जणू त्यांना कुणी बक्षीसच दिलं होतं. बाहेर टांगेवाला हाका मारत होता. त्यांनी स्टूल ओढलं, अव्वापुढं बसले आणि म्हणाले, "सांगा."